ताप आला नव्हता

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्रीचे दहा

प्रिय दोस्ता,

दसऱ्याला तुझं पत्र आलं, त्याला उत्तर दिलं नाही. संक्रांतीला तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून ठेवला आणि परत केलाच नाही. राग धरू नकोस. धरणारच असशील तर आधी पत्र पुरतं वाच आणि मग धर, कारण पुढं रागाला आणखी मोठं कारण आहे.

आईचे गुडघे थंडीत धरतात, माझी साखर काठावर आहे, बाकी सगळी बरी आहेत. हे फोनवर बोलण्यासारखं नाही. घरात ही असते, आई असते, दुकानात पोरं असतात. म्हणून दुकानाची वही फाडून बसलोय.

आम्ही औलीला जाऊन आलो. बदरीनाथाच्या वाटेवर जोशीमठ लागतं ना, त्याच्या वर. थोरलीनं बेंगळूरहून पहिल्या बोनसचे पैसे पाठवले आणि विचारलं, अंदमान की औली? मी अंदमान म्हणणार होतो. हिला समुद्र आवडतो असं मी इतकी वर्षं धरून चाललोय. तोवर ही स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, औली. विचार करायला एक क्षणही घेतला नाही तिनं. तेव्हाच माझ्या पोटात काहीतरी हललं होतं, पण तिकिटांच्या गडबडीत राहून गेलं.

संध्याकाळी गोवा एक्सप्रेसला बसलो, दोन रात्री गाडीत, तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन. दशम्या आणि शेंगाची चटणी झाशीपर्यंत पुरली. (तू असतास तर मिरजेलाच संपली असती.) पुढं हरिद्वार, ऋषिकेश आणि तिथून अडीचशे किलोमीटर नुसता घाट. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, एकेक संगम मागं पडत होता. प्रत्येक ठिकाणी मी हात जोडत होतो आणि ही नदीकडं न बघता वर बघत होती, बर्फ कुठं दिसतंय का म्हणून.

जोशीमठातनं औलीला जाणारा रोपवे बंद आहे. 2023 च्या जानेवारीत तिथली जमीन खचली, घरांना भेगा पडल्या, तेव्हापासून तो थांबलाय. आम्ही जीपनं गेलो, वरच्या वळणांवर ड्रायव्हरनं चाकांना साखळ्या बांधल्या. खाली ज्यांच्या घरी एक रात्र राहिलो त्या बाईंनी पलंगामागची भेग दाखवली. सिमेंट भरलेलं, तरी बाजूनं परत बारीक रेघ आलेली. जेवायला गहतची डाळ होती. एक घास खाल्ला आणि मी हिच्याकडं बघितलं, हिनं माझ्याकडं. हुलगे रे! आपलेच हुलगे. इतक्या लांब येऊन माडग्याची आठवण. हिनं त्या बाईंना माडगं कसं करायचं ते हिंदीत सांगितलं, त्यांनी फाणू कसा करायचा ते सांगितलं, रात्री अकरापर्यंत दोघींचं चाललं होतं.

हिवाळाभर तिथं बर्फ नव्हतं, आम्ही पोचायच्या थोडं आधी पडलं. सकाळी खिडकीचा पडदा सारला तर समोर नंदादेवी. 7,816 मीटर. आधी टोकाला गुलाबी झाली, मग सगळी पिवळी, मग पांढरी. ही अंगावर रजई घेऊन उभी होती. चहा गार झाला तरी हलली नाही.

तिथं गढवाल मंडल विकास निगमचा 7 दिवसांचा स्कीइंगचा कोर्स असतो. दोघांचीही नावं थोरलीनं घातली होती. ते बूट म्हणजे प्लास्टिकचे कडक ठोकळे, त्यात घोटा हलत नाही. पहिल्या दिवशी एकाच पायात स्की घालून सपाटीवर चालायचं, मग दोन्ही पायांत घालून उतारावर आडवं एकेक पाऊल वर चढायचं. पडायचं कसं तेही शिकवतात, बाजूला पडायचं, मागं नाही. दुसऱ्या दिवशी मला दम लागायला लागला, मी थांबलो. औली अडीच हजार मीटरच्याही वर, माझ्या छातीला ते जड जात होतं. चहाच्या टपरीवर बसून बघत राहिलो. टपरीवाल्याला बेळगाव म्हटल्याबरोबर तो उठूनच उभा राहिला, "बेलगाम! कमांडो कोर्स!" त्याचा भाऊ फौजेत, त्यानं आपल्या इथं कोर्स केलेला. मग माझ्या चहाचे पैसे घेईना.

आता खरं सांगायचं ते.

तिसरा दिवस. ही उताराच्या डोक्यावर. काठीच्या टोकानं बुटाच्या तळाला चिकटलेलं बर्फ खरवडलं, पाय पट्टीत ठेवला, टाच दाबली, खट्. दुसरा पाय, खट्. मग पुढं वाकली आणि सुटली. टोकं आत, टाचा बाहेर, तो पोरगा शिकवत होता तस्सं. पण बाकीचे कंबरेतून घाबरून मागं बसत होते, ही बसली नाही. उजवीकडं वळली, डावीकडं वळली, खाली येऊन थांबली आणि हसली. दोस्ता, हे हसू मी विसरलो होतो. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी पळून झाल्यावर ती गुडघ्यांवर हात ठेवून हसायची, आणि आपण दोघं झाडाखाली सायकली धरून उभे असायचो, ते हसू. 47 वर्षांच्या तोंडावर तेच्या तेच.

मी दोन चहा घेऊन तिच्याकडं निघालो. ती पाठमोरी होती. तो शिकवणारा पोरगा विचारत होता, "दीदी, पहले कहीं किया है क्या?" ही म्हणाली, "नहीं. उत्तरकाशी जाना था, एनआयएम में, पहाड़ चढ़ने का बेसिक कोर्स. एनसीसी से सिलेक्शन हुआ था. जाने के चार दिन पहले बुखार आ गया."

बुखार.

तुला मला दोघांना माहीत आहे, ताप आला नव्हता.

मी तिथूनच मागं फिरलो. चहा टपरीवर ठेवला. तिनं मला बघितलं नाही, आणि आज सतरा दिवस झाले, मी एक शब्द बोललो नाही.

1997 चा मार्च. 28 दिवसांचा कोर्स मे महिन्यात, आणि लग्नही मे महिन्यातच. जिल्ह्यातनं तिची एकटीची निवड. एव्हरेस्ट चढलेल्या बचेंद्री पालांचा 1984 चा पेपरातला फोटो तिच्या वहीच्या कव्हरमध्ये असायचा, तूच मला दाखवला होतास. आणि मिलिटरी महादेवाच्या बागेत तू माझी कॉलर धरली होतीस. "मुहूर्त पुढं ढकल की! जग बुडूलंय काय?" मी म्हणालो, आईला चालत नाही. तू तडक घरी गेलास आणि आईला तोंडावर म्हणालास, मावशी, तुम्ही पोरीचं वाटोळं करूलासा. लग्नात अक्षता टाकून न जेवता निघून गेलास. दिवाळीपर्यंत बोलला नाहीस. आणि तेव्हापासून आईच्या हातचा चहा घेत नाहीस, "आत्ताच घेऊन आलो" म्हणतोस. ती अजून दर वेळी विचारते आणि तू दर वेळी तेच सांगतोस.

दोस्ता, आई तसं बोललीच नव्हती.

मी निवडीचं सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे की पोरीला. मुहूर्त काय, परत काढता येतो." एवढंच. मी संध्याकाळी सासऱ्यांकडं गेलो आणि म्हणालो, आईला पसंत नाही, तारीख हलवली तर ती लग्न मोडेल. त्यांनी पोरीला घरात बसवलं. मला भीती वाटली होती. ती डोंगर बघून आली तर परत खडेबाजारातल्या साडीच्या दुकानदाराकडं बघणार नाही, असं वाटलं. 28 दिवसांची भीती. आणि मी ती आईच्या नावावर खपवली.

आईला हळदीच्या दिवशी विहीणबाईंच्या बोलण्यातून कळलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि परातीतली हळद कालवत राहिली. त्यानंतर 27 वर्षं एका शब्दानं काढलं नाही. तुझं बोलणंही तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं, आणि मी दाराआड उभा होतो.

आणि ही रोज रात्री ओवा घालून तेल तापवते आणि आईचे गुडघे चोळते. एक दिवस चुकवत नाही. जिनं आपला डोंगर काढून घेतला असं तिला वाटतं, तिचे गुडघे. मला हे रोज दिसत होतं, पण माझ्या डोळ्यांना सवय झाली होती. तो ताप ऐकला आणि सवय मोडली. लोकांना ती ताप सांगते, म्हणजे सासूला बोल लागू नये म्हणून सांगते. कुणाची लाज झाकतेय ती? आईची झाकतेय असं तिला वाटतं.

तरी कदाचित मी गप्प बसलो असतो, मला माझी खात्री नाही. पण परवा जेवताना ही म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात 14 दिवसांचा कोर्स करायचाय, एकटी जाईन. मी ताटाकडं बघत होतो. आई म्हणाली, "जा की पोरी. आता कोण अडवतंय?" आणि माझ्याकडं बघितलं, हळदीच्या दिवशीसारखं. ही आईकडं बघतच राहिली. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "अहो, आई किती बदलल्या नाही?" आणि तिला रडू आलं, बरं वाटून. मी अंधारात पडून होतो. नाही, आई बदलली नाही, हे एवढं वाक्य तोंडातून निघालं नाही.

सांगितलं तर काय होईल ते मला कळत नाही. घर सोडून जाईल असं नाही, ती तसली नाही. पण माझ्याशी बोलताना जो एक सहजपणा आहे, तो जाईल. तू म्हणशील, जाऊ दे, तुझा नव्हताच तो. बरोबर म्हणशील. नाही सांगितलं तर आई 81 वर्षांची आहे, ती हे डोक्यावर घेऊनच जाईल. मला हे दुसरं जास्त सहन होत नाही. म्हणजे सांगायला हवंच, असंच होतं ना शेवटी? मग जीभ का उचलत नाही? रोज पहाटे साडेपाचला ही व्हॅक्सिन डेपोवर पळायला जाते, औलीहून आल्यापासून. मी गाडीवर सोडायला जातो. झाडं तीच आहेत. रोज वाटतं, आज परत येताना सांगू. आणि ती घामानं भिजून, हसत गाडीवर मागं बसते आणि म्हणते, आज एक फेरी जास्त मारली.

आधी आईचे पाय धरायचे की आधी हिला सांगायचं, हे तू सांग. आणि तुझी माफीही मागायची आहे. तुझं भांडण खरं होतं, माणूस चुकीचा दाखवला मी. आंबोलीला धबधब्यात चप्पल गेली म्हणून तू कंडक्टरशी सावंतवाडीपर्यंत भांडला होतास, तेव्हा मी तुला म्हणालो होतो, तुला कुणाशीही भांडायला कारण लागत नाही. हे भांडण तू कारणासाठी केलंस, आणि योग्य माणूस तुझ्या शेजारीच उभा होता.

तुझ्याबद्दल काही विचारलंच नाही. बदलीचं काय झालं? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? धाकट्याला म्हणावं बारावीला घाबरू नको, तुझा बाप दोनदा बसला होता. कुंदा पाठवायचा होता, माणूस मिळाला नाही, पुढच्या आठवड्यात नक्की.

शिवजयंतीच्या चित्ररथाला ये. वहिनींना घेऊन ये, दोन दिवस काढून ये. आणि आल्यावर आई चहाचं विचारेल, तेव्हा घे.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर लिही, घरी नको.

आतून ओव्याचा वास यायला लागलाय, तेल तापलं वाटतं. ही वाटी घेऊन आईच्या खोलीकडं चाललीय. आज मीही जाऊन बसतो तिथं. थांबतो.

तुझा,
गल्लीतला