मावशीचा आजार कुठून सुरू झाला

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस: "ताई पोट फुगतंय म्हणायची, मी ओवा देत राहिले. तेव्हाच सोनोग्राफी केली असती तर..." हे मनातून काढून टाक. मी लॅबमध्ये याच पेशी बघते, म्हणून हक्काने सांगतेय.

मावशीच्या रिपोर्टवर 'हाय ग्रेड सीरस' लिहिलंय. अंडाशयाच्या कर्करोगात हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो, पण बहुतेक वेळा तो अंडाशयात सुरू होतच नाही. गर्भनलिकेचं जे टोक अंडाशयाकडे उघडतं, तिथे नाजूक झालर असते. त्या झालरीतल्या पेशींमध्ये पी५३ नावाचं जनुक बिघडतं, पेशी वेड्यावाकड्या वाढू लागतात आणि मग गळून अंडाशयावर, पोटाच्या अस्तरावर रुजतात. पूर्वी सगळा दोष अंडाशयाला देत. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा बायकांच्या नलिका तपासल्या, ज्यांच्या घराण्यात हा आजार होता आणि ज्यांनी खबरदारी म्हणून त्या काढून घेतल्या होत्या. बिघाड नलिकांमध्ये सापडला. पुढे बोस्टनच्या क्रिस्टोफर क्रम यांच्या गटाने झालरीचे बारीक काप करून ती पूर्ण तपासायची पद्धत बसवली. आम्हीही तसंच करतो, कारण हा बदल बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. सोनोग्राफीत कुठून दिसणार? २०१७ च्या एका अभ्यासात नलिकेतल्या त्या सुरुवातीच्या बदलापासून अंडाशयाच्या गाठीपर्यंत सरासरी साडेसहा वर्षं जात असावीत, असा अंदाज निघाला. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर चाचणी झाली. दरवर्षी रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी करूनही या आजाराचे मृत्यू कमी झाले नाहीत. तुझ्या ओव्याने काही बिघडलं नाही गं.

(सगळेच प्रकार असे नसतात. काही एंडोमेट्रिओसिसमधून, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं त्यातून, होतात. मावशीचा तो नाही.)

आता तुझ्याबद्दल. "माझी पिशवी काढलीय, मला कसला धोका?" असं तू म्हणतेस. पिशवी काढताना नलिका आणि अंडाशय पुष्कळदा तसेच ठेवतात. बाबा, तुमच्या फाइलमध्ये आईचं डिस्चार्ज कार्ड असेल, त्याचा फोटो पाठवा. काय काढलं ते त्यावर लिहिलेलं असतं.

आणि मावशीची बीआरसीए तपासणी, म्हणजे घराण्यातून हा आजार आणणारा जनुकातला दोष शोधणारी तपासणी, झाली का, ते तिच्या डॉक्टरांना विचारा. आधी तिचीच व्हायला हवी. तिच्यात दोष निघाला तर तुझी आणि मामाची करू. मामा म्हणेल, पुरुषाला काय त्याचं? पण बापाकडूनही हा दोष मुलीला मिळायची शक्यता निम्मी असते, आणि त्याला दोन मुली आहेत. त्याला मी स्वतः फोन करते.

तुझ्यात निघाला तर माझीही तपासणी करेन. माझ्यात असेल, तर मूल झाल्यावर चाळिशीच्या आत नलिका आणि अंडाशय काढून घ्यायचे, हे मी ठरवलंय. तुमच्या जावयांशी बोलणं झालंय. आई, घाबरू नकोस, आणि मावशीच्या पुढच्या केमोला मी येतेय.

तुमची लेक