धडे आदल्या दिवशीच डाउनलोड करा
गुरुजी, बाई सगळ्यांनी वाचा. खानापूरच्या आतल्या गावांत रेंज कधी जाईल सांगता येत नाही, वर्गात लिंक फिरत बसते आणि तास जातो, म्हणून पुस्तकावरचा क्यूआर कोड आदल्या दिवशीच दीक्षा ह्या सरकारी शालेय धड्यांच्या ॲपमध्ये स्कॅन करून धडा उतरवून ठेवा मग नेट नसलं तरी चालतंय. परवा रेंज होती तर सहावीला गूगल अर्थ ह्या नकाशाच्या ॲपवर मलप्रभा नदी दाखवली, कणकुंबीच्या उगमापासून कूडलसंगमला कृष्णेत मिळेपर्यंत बोट सरकवत, पोरं बाकावरच चढली, एकजण ओरडला "बाई ह्यो आमचा पूल!" हे नुसत्या फळ्यावर होत नाही हो. प्रोजेक्टर नसेल तर पाच-पाच जणांना मोबाईलजवळ बोलवा. डाउनलोड जमत नाही त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर थांबा, मी शिकवते.