चिमीच्या शाळेबद्दल

सातारा, ५ सप्टेंबर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

चिमीचं नाव शाळेतून काढल्याचं तुम्हाला आत्याकडून कळलं. खरं तर मीच आधी सांगायला हवं होतं. फोन लावायचे, पण बाबांचा आवाज ऐकला की गोळ्या घेतल्या का एवढंच विचारून ठेवायचे. बाबा, तुमचं सगळं आयुष्य फळ्यापुढे गेलं, तुम्हाला हे लागणारच.

पण दप्तर दिसलं की तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही निघालं नाही. रविवारी मात्र दुखायचं नाही. आई, तू इथे असतीस तर माझ्या आधी ओळखलं असतंस.

आम्ही सगळी चौकशी केली आहे. पुन्हा शाळेत घालायचं ठरलं तर शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. चौदा पूर्ण झाली की मुक्त विद्यालयातून दहावीही देता येते. तिचं वर्ष वाया जाणार नाही, बाबा.

घरीच शिकवायला लागून महिना झाला. सकाळी गणित, मराठी, मग पाऊस मोजायचा. गच्चीत सरळ कडांचा डबा ठेवलाय, पट्टीनं मोजून वहीत लिहिते. काल कासला नेलं. सीतेच्या आसवांचं निळं-जांभळं फूल पाहून हरखली, आणि तेच झाड चिखलातले बारीक जीव खातं म्हटल्यावर पालथी पडून बघत बसली. घरी येऊन स्वतःहून दीड पान लिहिलं! गेल्या वर्षी पाच ओळींना रडायची.

संगम माहुलीला तर दर आठवड्याला जातो. घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली आहेत ते मोजते. कृष्णेचं हेच पाणी आजोबांकडे जातं म्हटल्यापासून तिला सांगलीच्या पाणीपातळीचा आकडा हवा असतो. आयर्विन पुलाला ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे पाठ झालंय. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, हे कळल्यावर वजाबाकी केली आणि गप्प झाली. मग विचारलं, "तेव्हा आजी-आजोबांजवळ कोण होतं?" मला उत्तर देता येईना. रस्ते बंद होते, हे खरंच आहे. तरी तुम्ही दोघं माळ्यावर आणि मी इथे कोरड्यात, हे अजून जात नाही माझ्या मनातून.

बाबा, त्याच पुलावरून माझं बोट धरून तुम्ही पावकी, निमकीचे पाढे म्हणून घेतलेत. पाऊणकीला मी अडले की थांबून नदी दाखवायचात, रागवायचा नाहीत. तिलाही तुम्हीच शिकवा. रोज संध्याकाळी सातला ती फोन करील. आधी आजचे फूट सांगायचे, मग पावकी.

पण फूट पेपरात बघून सांगा, घाटावर जाऊ नका. शेवाळ आहे, आणि डोळ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिनाही झालेला नाही. आई, त्यांची काठी दाराशीच ठेव. तूही एकादशीला नुसत्या साबुदाण्यावर राहू नकोस, साखर वाढते. पाणी ३५ वर गेलं की वाट न बघता ताईकडे जायचं. हळदीची बरणी आणि फोटो मी मेमध्येच वर ठेवलेत, खाली आणू नका.

थंडीत आम्ही पंधरा दिवस तिकडे येतो. तिला हरिपूरचा संगम बघायचाय, वारणा कृष्णेला कुठे मिळते ते. बाबा, रागावला असाल तर माझ्यावर रागवा. सातच्या फोनवर मात्र तिच्याशी बोला.

तुमची,
बेबी