क्वाटरमासचा लेखक कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश टीव्हीवरच्या जुन्या विज्ञानकथा-मालिकांविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा सिडनी न्यूमन हे ‘डॉक्टर हू’ या कालप्रवासाच्या मालिकेचे जनक, एवढे सांगून विषय संपतो. न्यूमन यांचे श्रेय मोठेच आहे. पण या मालिका ज्यांनी कागदावर उतरवल्या, त्यांची नावेही यायला हवीत.

१९५३ मध्ये बीबीसीने नायजेल नील यांची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची मालिका लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून थेट दाखवली. ती सुरू झाली तेव्हा शेवटचे भाग लिहूनही झाले नव्हते. अखेरचा प्रसंग वेस्टमिन्स्टर ॲबीतला. त्यासाठी ॲबीचे छायाचित्र मोठे करून घेतले, त्याला भोके पाडली आणि पालापाचोळा चिकटवलेले हातमोजे घालून खुद्द नील यांनी त्यातून हात बाहेर काढले. प्रेक्षकांना घाबरवणारा राक्षस तो हाच! थेट प्रक्षेपण जपून ठेवायचे तर मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावावा लागे. दुसऱ्या भागाच्या वेळी मॉनिटरवर एक किडा येऊन बसला आणि तोही चित्रित झाला. अशा चित्रमुद्रणाचा दर्जा पसंत न पडल्याने पुढच्या चार भागांचे चित्रमुद्रणच झाले नाही.

नील बीबीसीचे पगारी लेखक होते. त्यामुळे हॅमर कंपनीने १९५५ मध्ये या मालिकेवर चित्रपट काढला तेव्हा हक्काचे पैसे बीबीसीला मिळाले, नील यांना नाहीत. बऱ्याच वर्षांनी बीबीसीने त्यांना आपणहून काही रक्कम दिली. उलट ‘डॉक्टर हू’साठी डेलेक हे यंत्रकवचातले खलनायक लिहिणारे टेरी नेशन बाहेरचे लेखक. करारामुळे डेलेकच्या खेळण्यांच्या कमाईतही त्यांचा वाटा राहिला आणि नावही. कोण लक्षात राहिला याचा निकाल बराचसा असा करारानेच लावला.

डेलेकच्या संहितांमागे उभे राहिलेले पहिले कथा-संपादक डेव्हिड व्हिटेकर मात्र मागे पडले. सुरुवातीला १३ च भागांना मंजुरी होती आणि दोन भागांची जागा रिकामी राहत होती. नव्या सेटला पैसे नव्हते. व्हिटेकर यांनी नायकाच्या कालयानाचा असलेला सेट आणि चार मुख्य पात्रे एवढ्यावरच दोन भाग लिहून दिले. यानाला पोलीस बॉक्सचे (पोलिसांना फोन करायच्या रस्त्यावरच्या खोक्याचे) रूप सुचवणारे अँथनी कोबर्न आणि सुरुवातीच्या आराखड्यावर काम करूनही पडद्यावर नाव न आलेले सी. ई. वेबर यांचीही हीच गत.

१९६१ च्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या बीबीसी मालिकेचे तर आपल्याकडे विशेष अगत्य असायला हवे. कथा फ्रेड हॉइल यांची, म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांच्या केंब्रिजमधल्या गुरूंची. दूरच्या आकाशगंगेतून आलेल्या रेडिओ संदेशात संगणक बांधण्याच्या सूचना असतात, ही कल्पना त्यांची. पण तिच्यातून सात भागांची संहिता उभी केली जॉन एलियट यांनी. हॉइल यांच्या नावाखाली एलियट झाकले गेले. टेप महाग असल्याने जुने कार्यक्रम पुसले जात. या मालिकेचा सहावा भाग तेवढा पूर्ण उरला आहे.

पहिल्या क्वाटरमासचे बहुतेक भाग आज पाहता येत नसले तरी नील यांच्या १९५० च्या दशकातल्या तिन्ही क्वाटरमास मालिकांच्या संहिता पेंग्विनने १९५९-६० मध्ये पुस्तकरूपाने छापल्या आहेत. आपल्या पुरवणीत अशा मालिकेचा उल्लेख येईल तेव्हा वर्षाबरोबर त्या कथेच्या लेखकाचे नावही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे