पाईप नानांचे, भांडण आमचं

नारायण पेठ, पुणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

तुझी पत्रं आली, वाचली, कपाटावर ठेवली. रागावला असशील तर रागावलेला राहा, पण आधी हे वाच. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. माझी तब्येत ठीक. साखर जरा वर, बीपी जरा खाली, एकूण हिशेब जुळतो.

मोरीतला नळ सध्या रोज सकाळी लाल पाणी ओकतो. बादलीभर सोडून द्यायचं, मग कुठे वापरण्याजोगं येतं. धारही करंगळीएवढी. दादाचं म्हणणं, 'पाणीच कमी सोडतात.' अरे, टाकी गच्चीवर, मी तळमजल्यावर. जितकं खाली यावं तितका दाब वाढायला हवा ना? हे सांगायला गेलो तर म्हणाला, 'तुला नववीत विज्ञानात किती पडले होते ते सांग आधी.'

शेवटी प्लंबर बोलावला. त्याने स्वयंपाकघरामागचा एक तुकडा कापून माझ्या हातात दिला. १९७२च्या दुष्काळात टाकी बसवली तेव्हाचा जीआय पाईप, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. बाहेरून ठणठणीत. आत गंजाच्या गाठी अशा दाटलेल्या की पेन्सिल आरपार जाईना. जस्ताचा थर झिजून गेला की पाणी थेट लोखंडाला लागतं, आणि गंज आतल्या आत वाढत राहतो, म्हणाला. पण जोड! सुतळी-सफेदा लावून नानांनी आवळलेला जोड काही सुटेना. दोन्ही बाजूंनी पाने लावून पोरगा घामाघूम झाला, शेवटी करवत घेतली. 'काका, हे कोणी बसवलं होतं?' मला हसू आलं, कारण डोळ्यासमोर आटे पाडायची ती डाय, दादाचा पाय आणि तू. अजून सांगतो, ती तूच टाकलीस. तू म्हणशील मी धक्का दिला. नव्हता दिला.

आता सगळी लाईन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, करायची ठरवलीय. साधा पीव्हीसी गिझरच्या पाण्याने नरम पडतो. भिंतींना झिऱ्या मात्र मारू देणार नाही. ६१ साली पानशेत फुटल्यावर उभ्या केलेल्या विटांच्या भिंती, सगळं घर त्यांच्यावरच आहे, आडवा चर खणून कशाला विषाची परीक्षा? लाईन बाहेरून न्यायची आणि तिला रंग द्यायचा, कारण उन्हाने हा पाईप ठिसूळ होतो. शिवाय मोरीची फरशी बसवण्याआधी तोंडं बंद करून, दाबाने पाणी भरून गळती बघायची. हे प्लंबरकडून लिहूनच घेतलंय.

अडलंय ते उभ्या लाईनीपाशी. ती दादाच्या न्हाणीघरातून खाली उतरते. ती जुनीच राहिली तर माझ्या नव्याकोऱ्या पाईपात वरचा गंज येत राहणार. आणि दादा विषय काढू देत नाही. चहा देतो, खारी देतो, पाईप म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढवतो. 'बिल्डर येणारच आहे, कशाला पैसे घालतोस?' बिल्डर दादाचे केस काळे होते तेव्हापासून येतोय.

खरी गोम पुढेच आहे. मी पाईप बदलतोय म्हणजे मी बिल्डरच्या कागदावर सही करणार नाही, असं त्याने धरलंय. पंचाईत अशी की ते बरोबर आहे. मी तोंडाने बोललेलो नाही, पण प्लंबरच्या एस्टिमेटवरून त्याने ओळखलं, पत्ते खेळताना माझा चेहरा बघून पान ओळखायचा तसं. वहिनीला जिना झेपत नाही, तिला लिफ्ट हवीय. तेही मला दिसतं. म्हणून तर झोप लागत नाही. दादा नुसता हट्टी असता तर भांडून मोकळा झालो असतो.

कापलेला तुकडा त्याला दाखवायला नेला होता. डोळ्याला लावून बराच वेळ आत बघत बसला. मग म्हणाला, 'भंगारवाल्याकडून आणलास?' पण परत दिला नाही. टीपॉयखाली ठेवून दिला.

तर तू त्याला फोन कर. तुझं तो ऐकतो, का ते देव जाणे, पाय तर तू मोडलास त्याचा. सहीचं अजिबात बोलू नकोस, ते माझं मी बघेन. फक्त उभी लाईन. खर्च माझा, टाइल्स वहिनीच्या पसंतीच्या, काम तिची दुपारची झोप झाल्यावर. म्हणावं, बिल्डर आलाच तर विन्या पाईप उपटून घेऊन जाईल.

नातवाचं बारसं झालं का? नाव काय ठेवलं? मंदाला नमस्कार सांग. इंदूरचं घर विकायचं म्हणत होतास त्याचं काय झालं, तेही कळव, सवडीने.

फोन रात्री आठनंतर कर, त्याआधी तो बातम्यांवर ओरडत असतो. गुरुवारी नको, दत्ताला जातो. आणि लवकर कर, प्लंबरच्या बहिणीचं लग्न आहे, तो गावाला गेला की महिनाभर यायचा नाही.

तुझा,
विन्या