रंगाचे हात मोजू नका, घासाईचे पैसे धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मान्सूनपूर्व कामांच्या बातम्या येतात त्यात नालेसफाई असते, फांद्या तोडणं असतं, खड्डे असतात, पण किनाऱ्यावरच्या लोखंडाबद्दल एक ओळ नसते म्हणून हे पत्र लिहितोय. माझा देवगड तालुक्यात गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडचा धंदा आहे आणि रंगकामही आम्हीच करतो, त्यामुळे जेटीचं रेलिंग, साकवाचा कठडा, शाळेचं गेट, बागेतला झोपाळा, पाण्याच्या टाकीची शिडी हे सगळं रोज बघण्यात येतं आणि खरं सांगतो, बघून जीव तुटतो. पैसे खर्च होत नाहीत असं अजिबात नाही, रंग दर एक-दोन वर्षांनी मारला जातो, पण तो गंजावर मारला जातो.

कुठल्याही जेटीवर जा आणि रेलिंगचा पाइप जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे नख लावून बघा. अंगठ्याएवढा पापुद्रा सहज हातात येतो. तो उलटा करून आडवा धरला की कडेला थर मोजता येतात, वर पिवळा, खाली चंदेरी, त्याखाली कधीकाळचा हिरवा, आणि सगळ्यात खाली जिथे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर पाहिजे तिथे तांबूस भुकटी. म्हणजे तीन वेळा बिल निघालं आणि तिन्ही वेळा लोखंडाला काहीच मिळालं नाही, रंग गंजाला चिकटला होता आणि गंज लोखंडाला सोडून चालला होता.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे. गंजाला लोखंडापेक्षा कमीत कमी दुप्पट जागा लागते, त्यामुळे रंगाखाली तो वाढला की रंग आपोआप वर उचलला जातो, आधी फोड येतात आणि मग सालं निघतात. आणि आपल्याकडे नुसता गंज नाही, त्यात मीठ आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ लोखंडावर बसतं, गंजाच्या बारीक खड्ड्यात जाऊन बसतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं हे आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात पावसाळ्यात दिसतं. ते मीठ न धुता वरून रंग मारला की आपण मीठ आणि ओल दोन्ही आत कोंडून टाकतो. रंग कितीही भारी कंपनीचा असू दे, त्यातून थोडी ओल आणि हवा आरपार जातेच, आणि आतलं मीठ ती आणखी ओढून घेतं. म्हणून पुण्यात किंवा नाशकात जो रंग पाच वर्षं टिकतो तो इथे दुसऱ्या पावसात उडतो, आणि लोक म्हणतात कंपनीने फसवलं.

मालवणला राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. ४ डिसेंबर २०२३ ला त्याचं अनावरण झालं होतं, म्हणजे नऊ महिनेही नाहीत. पडायच्या काही दिवस आधीच सार्वजनिक बांधकाम खात्याने नट-बोल्टना समुद्राच्या वाऱ्यापावसाने गंज धरल्याचं पत्र दिलं होतं हे सगळ्या पेपरात आलंय. पुतळा पडण्याची कारणं अनेक होती, फक्त गंजावर सगळं ढकलणं बरोबर नाही, पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघडं लोखंड किती लवकर खलास होतं हे त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्राला कळलं असं मला वाटलं होतं. त्यानंतरही आमच्याकडे टेंडर निघतात ती तशीच, ऑइल पेंट दोन हात, एवढे चौरस मीटर, एवढा दर. घासाईचा शब्द असलाच तर 'आवश्यकतेनुसार' असा एका कोपऱ्यात, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. ज्याचे पैसे नाहीत ते काम कोण करणार? ठेकेदाराला शिव्या देऊन उपयोग नाही, रेटमध्ये फक्त रंगच बसतो.

खरं काम काय असतं ते सांगतो. आधी साधं गोडं पाणी आणि ब्रश घेऊन सगळं धुवायचं, मीठ जायला पाहिजे, सुकू द्यायचं. मग तारेचा ब्रश, जिथे थर जाड आहे तिथे खरवडणी आणि हातोडी, आणि वीज असेल तर ग्राइंडरला तारेचा कप लावून, जोपर्यंत सुटं काही उरत नाही आणि लोखंडाची चमक दिसत नाही तोपर्यंत. मग पॉलिश पेपर, कापडाने भुकटी पुसून परत एकदा पाणी मारून पुसणं, आणि सुकलं की त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी दवाने परत तांबूस झालेलं असतं, मग आदल्या दिवशीची सगळी मेहनत पाण्यात. लोखंडावर काय करायचं याचं भारतीय मानक कागदावर आहे, इमारतीतल्या लोखंडाच्या रंगकामासाठी आयएस १४७७ आहे, त्याचा पहिला भागच मुळी रंगाआधीच्या तयारीवर आहे, आणि रेड ऑक्साईड झिंक क्रोम प्रायमरसाठी आयएस २०७४ आहे. नवीन काही शोधून काढायचं नाहीये, टेंडरमध्ये हे दोन नंबर लिहायचे आणि तपासायचं.

आता स्प्रे आणि ब्रश. हल्ली सगळ्यांना स्प्रे पाहिजे, दिसायला गुळगुळीत येतो आणि पटकन होतो, ते खरं आहे. पण प्रायमर ब्रशनेच मारावा असं माझं ठाम मत आहे, निदान पहिला हात तरी. ब्रशने प्रायमर खड्ड्यात, सांध्यात, वेल्डिंगच्या खवल्यात दाबला जातो, स्प्रे वरून वरून बसतो आणि खड्ड्याच्या तोंडाशी हवा अडकून तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. दुसरं म्हणजे कडा. ओला रंग कडेवरून आपोआप मागे सरकतो, त्यामुळे अँगलची धार, पट्टीची कड, बोल्टचं डोकं इथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. म्हणून चांगला कारागीर आधी फक्त कडा, सांधे आणि बोल्ट एवढ्यावरच ब्रशने एक पट्टा मारून घेतो, तो सुकला की मग अख्ख्याला हात मारतो. अर्ध्या दिवसाचं जास्तीचं काम आहे, पण रंग कितीतरी जास्त टिकतो. वरचा फिनिशचा हात मग खुशाल स्प्रेने मारा, ग्रिलच्या नक्षीत तर स्प्रेच बरा.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पाइपवाल्यांसाठी एक वेगळं. जस्ताचा थर आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण वेल्डिंग केलं की सांध्याच्या आजूबाजूचं जस्त जळून जातं आणि पहिला गंज तिथे. तिथे झिंक स्प्रे किंवा झिंक असलेला ब्रशचा रंग मिळतो, तो चांगला आहे, पण तो चमकणाऱ्या उघड्या लोखंडावरच मारायचा, कारण त्यातलं जस्त लोखंडाला टेकलं तरच ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. गंजावर किंवा जुन्या रंगावर मारला तर तो नुसता राखाडी रंग. आणि जस्तावर थेट ऑइल पेंट मारू नका, काही महिन्यात साबणासारखा सुटून येतो, मध्ये जीआयसाठीचा प्रायमर लागतोच.

गणपतीच्या आधीचं बोलायलाच पाहिजे. मुंबईहून येणारे आपले चाकरमानी येताना पिशवीतून ४०० मिलीचे स्प्रेचे डबे घेऊन येतात, दोन दिवसात गेट, तुळशीपुढची जाळी, खिडकीचे गज सगळं चंदेरी करून टाकतात, बाप्पा येणार म्हणून घर सजलं पाहिजे ही भावना मला शंभर टक्के मान्य आहे. पण ऑगस्ट-सप्टेंबरची आपली हवा रंगाला सगळ्यात वाईट. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर बाहेरचं रंगकाम करूच नये असा नियम आहे आणि तेव्हा आपल्याकडे दिवसच्या दिवस त्याच्या वर असतो, लोखंडाला न दिसणारी ओल धरलेली असते. गणपतीला करायचंच असेल तर जिथे रंग उडालाय तेवढाच भाग घासून, कोरड्या फडक्याने पुसून, चार तास उघाडी असेल तेव्हा टचअप करा आणि पूर्ण काम दिवाळीनंतर काढा. डिसेंबर ते एप्रिल उत्तम, सकाळी दव उडाल्यावर सुरू करायचं आणि संध्याकाळी लवकर थांबायचं, उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आधीच सुकतो तेही नको. आमच्या आज्यापणज्यांच्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या कामात हे सगळं वेळापत्रक होतंच, होडीला आणि लाकडी खांबांना काजूच्या टरफलाचं तेल पाऊस यायच्या बरंच आधी, लाकूड खणखणीत सुकलेलं असताना लावायचे, मिरगाच्या आदल्या दिवशी नाही.

स्प्रेचा डबा वापरणाऱ्यांनी एवढं तरी करावं. आतली गोळी खळखळायला लागल्यावरही एक-दोन मिनिटं हलवत राहा, नाहीतर नुसता पातळ थिनर बाहेर येतो. वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर ठेवा, हात चालता ठेवा आणि एकदम भरायला जाऊ नका, ओघळ येतात, पातळ पातळ तीन हात मारा. काम झालं की डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा म्हणजे तोंड बुजत नाही. आतला गॅस पेट घेणारा असतो, त्यामुळे देवघरात समई चालू असताना किंवा चुलीजवळ नको, आणि रिकामा डबा होळीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका.

आणि पोरांच्या फुफ्फुसाबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे. दोन डब्यातला पीयू (पॉलियुरेथेन) रंग, म्हणजे ज्यात हार्डनर मिसळावा लागतो तो, गाड्यांना आणि महागड्या फर्निचरला स्प्रेगनने मारतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि त्याच्या बारीक फवाऱ्याने दमा लागू शकतो, एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो आणि धंदा सोडायची वेळ येते. आमच्याकडे पोरं नाकाला रुमाल बांधून बंद शेडमध्ये हे काम करतात. रुमालाने काहीही अडत नाही. बाहेरची हवा नळीने देणारा मास्क पाहिजे, आणि तो मालकाने द्यायला पाहिजे, नसेल तर तो माल स्प्रेने मारू नका, ब्रशने चालणारं दुसरं काहीतरी वापरा. मी माझ्या शेडमध्ये पीयूची फवारणी बंद केली आहे, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

शाळा आणि बागांच्या बाबतीत आणखी एक. रंगातल्या विषारी शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागात ९० भाग, असा केंद्राचा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, आणि झोपाळ्या-घसरगुंड्यांवर त्याच्या आधीचे जुने थर अजून आहेत. ते कोरडे घासून धूळ उडवायची आणि दुसऱ्या दिवशी पोरांना खेळायला सोडायचं हे बंद झालं पाहिजे. पाणी मारून ओलं करून घासा, खाली प्लास्टिक अंथरा, निघालेली सालं गोळा करून घ्या, आणि सुट्टीत काम काढा.

आमची मागणी फार मोठी नाही. नगरपंचायतींनी, ग्रामपंचायतींनी आणि बांधकाम खात्याने किनारी भागात रंगकामाच्या अंदाजपत्रकात धुणं आणि घासाई हे वेगळं कलम करून त्याला वेगळा दर द्यावा. घासून झाल्यावर, प्रायमरच्या आधी, इंजिनीअरने जागेवर येऊन उघडं लोखंड बघितल्याशिवाय आणि तारखेसह फोटो काढल्याशिवाय पुढचा हात मारू देऊ नये, कारण एकदा रंग बसला की खाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून एका आठवड्यात सगळं रंगवून टाकण्यापेक्षा डिसेंबरातच कामाचे आदेश द्यावेत. आणि नवीन रेलिंग करताना पूर्ण फॅब्रिकेशन झाल्यावर अख्खा तुकडा हॉट डिप गॅल्व्हनाइझ करून, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून आणावा, सुरुवातीला महाग पडतं पण दर दोन वर्षांनी रंगाचं टेंडर काढण्यापेक्षा स्वस्त आहे हे कोणीही हिशोब करून बघावं.

तुमच्या बातमीदाराने एकदा आमच्याबरोबर जेट्यांवर फिरावं अशी विनंती आहे, प्रत्येक रेलिंगच्या बुडाचा फोटो घेऊ. आणि ज्या ग्रामपंचायतीकडे इंजिनीअर लगेच येऊ शकत नाही तिथे प्रायमरच्या आधीची पाहणी आम्ही दोन-तीन फॅब्रिकेटर मिळून फुकट करून द्यायला तयार आहोत, फक्त रंगाचे डबे उघडायच्या आधी फोन करा.

आपला,
एक फॅब्रिकेटर वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग