गेनची मासेचोरी कशाला झाकायची?

महोदय,

हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने २०२३ मध्ये शांतता शिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून ‘बेअरफूट गेन’ ही चित्रकथा वगळली, त्या निर्णयाची पाठराखण करणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. पटला नाही. तिचे लेखक-चित्रकार केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना अणुबॉम्बने त्यांचे वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ गेले. ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, त्याच दुःखातून आली आहे. गरोदर, अशक्त आईसाठी छोटा गेन कुणाच्या तरी तळ्यातला कार्प मासा चोरतो, चार पैशांसाठी रस्त्यावर गातो. हे आजच्या मुलांना समजणे कठीण, असे कारण पुढे आले. अहो, न समजणारे समजावून द्यायलाच वर्गात शिक्षक असतो ना! आईच्या तोंडी घास पडावा म्हणून पोर काय काय करते, हे तिसरीतल्या मुलाला नक्की कळते. अडचण होते ती मोठ्यांची. जपानमधल्याच मात्सुए शहरानेही २०१२ मध्ये शाळांच्या ग्रंथालयांत ही पुस्तके मुलांच्या हाती सहजी लागणार नाहीत अशी व्यवस्था केली होती. टीकेची झोड उठल्यावर पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते निर्बंध मागे घ्यावे लागले. लेखात याचा साधा उल्लेखही नाही.

— एक वाचक, मिरज